चावीवालीने सोबत जायचं असतं

स्पेल्लो, ९ सप्टेंबर

नीव्हेस,

अक्षर एवढं मोठं का, म्हणून हसू नकोस. मार्चपासून माझ्या दोन्ही डोळ्यांच्या मधोमध एक राखाडी डाग बसलाय. कडेचं सगळं दिसतं, समोरचं दिसत नाही. पाव दिसतो, सुरी दिसते, आणि कापायला जावं तर दोन्ही गायब. पेरुजाचा डॉक्टर म्हणाला, "बाई, वर्षभर धरा. मग माणसांचे चेहरे ओळखणं जड जाईल." मी म्हटलं, आमच्या मोंतेव्हारात चौऱ्याहत्तर माणसं उरलीत, त्यातली निम्मी दिसली नाहीत तर बरंच होईल. तो हसला नाही. हल्ली डॉक्टर हसत नाहीत.

म्हणून निघाले. आपली आई गेली, आता माझी वाट बघणारं घरात कुणी नाही. चाळीस वर्षं मी आपल्या सान बियाजो चर्चची चावी सांभाळली. जर्मन आले, मिलानचे प्राध्यापक आले, सगळ्यांना आत नेऊन मरियामातेचं भित्तिचित्र दाखवलं. पण दुसऱ्या गावचं एक चित्र कधी पाहिलं असेल तर शपथ. डोळे जायच्या आधी चार गावं बघावीत, आणि शेवटी जेनोव्हाला तुझ्या दाराशी यावं, असं ठरवलंय. दार उघडायचं की नाही ते तू ठरव.

इथल्या मोठ्या चर्चमध्ये काचेपलीकडे एक छोटी खोली चित्रांनी नखशिखांत रंगवलीय. पेटीत नाणं टाकलं की दिवे लागतात आणि जरा डोळा स्थिरावतोय तोवर ठक्कन विझतात. मी चार नाणी खर्च केली. मरिया वाचत बसलीय, देवदूत येतोय, आणि तिच्या खोलीच्या भिंतीवर, फळीखाली, चित्रकाराने स्वतःचंच तोंड रंगवून टांगून ठेवलंय. मला आधी हसू आलं. काय हा माणूस, देवाच्या कामातही स्वतःची जाहिरात. मग वाटलं, आपण केलेल्या कामाशेजारी आपला चेहरा लावायला छाती लागते.

दुपारी पायरीवर बसून पाव खाल्ला, वर ऑलिव्हचं तेल आणि जाडं मीठ. समोरच्या भिंतीवर एक मांजर आणि जिरेनियमच्या कुंड्या. दीड तास माझ्याशी कुणी बोललं नाही. दीड तास मला खोटं बोलावं लागलं नाही. किती वर्षांनी मला एवढं बरं वाटलं.

आता ते लिहून बघते. आठ वर्षांत आपण दोघींनी ते एकमेकींसमोर उच्चारलेलं नाही. तीन ऑक्टोबरच्या भूकंपात गावातली अकरा माणसं गेली. मदतीला म्हणून तुझा मुलगा लोरिस जेनोव्हाहून आला आणि आमच्या तंबूत राहिला. अठरा दिवसांनी दुसरा भूकंप झाला, सान बियाजोचं छप्पर बसलं, आणि त्याखाली तो सापडला. सव्वीस वर्षांचा. जाकिटाच्या खिशात लोकांनी नवसाला वाहिलेली चांदीची चौदा हृदयं.

लिहून झालं.

गाव त्याला काय म्हणतं ते तुला ठाऊक आहे. चौकातल्या दगडावर अकरा नावं कोरलीत, बारावं नाही. पण मी तो शब्द त्याच्याबद्दल कधीच वापरलेला नाही, एवढं लक्षात ठेव.

एर्सीलिया

ओर्व्हिएतो, १३ सप्टेंबर

नीव्हेस,

मागच्या पत्राचं शेवटचं वाक्य काढून टाकता आलं असतं तर बरं झालं असतं. पण पत्र पेटीत पडलं. आपलं टपाल बाकी कधी वेळेवर पोचत नाही, हे मात्र नक्की पोचेल.

इथे कॅथेड्रलमध्ये उजवीकडच्या चॅपलमध्ये मेलेली माणसं जमिनीतून वर येतायत. जमीन म्हणजे पांढरी, सपाट, चुन्याच्या निवळीसारखी. कुणी कमरेपर्यंत आलाय, कुणाच्या अंगावर अजून मांस चढलेलं नाही. एकाने दोन्ही हात जमिनीवर टेकवलेत आणि चिखलातून पाय उपसावा तसा तो स्वतःला उपसतोय. मी त्याच्याकडे तिरकी मान करून बघत होते, कारण सरळ बघितलं की त्याचं तोंड जातं.

तिथला पहारेकरी म्हणाला, "आजी, चित्र समोर आहे. खांबाकडे काय बघताय?"

"समोर बघितलं की नाहीसं होतं, बाबा."

"मग माझ्या बायकोकडे जरा समोरून बघा," तो म्हणाला, "माझं नशीब उघडेल."

मी खळखळून हसले. देवळात हसले. आणि हसता हसताच मला रडू फुटलं. तो बिचारा घाबरला, आतून खुर्ची घेऊन आला. त्याला वाटलं, म्हातारी भाविक आहे.

लोरिसला बाहेर काढायला बंबवाल्यांना नऊ तास लागले. त्याचे हात असेच होते, तळवे जमिनीला टेकलेले. मी तुला हे सांगितलं नव्हतं. तू संध्याकाळी पोचलीस तोवर त्यांनी ते पोटावर नीट ठेवले होते.

चर्चच्या दोन चाव्या होत्या. पहिल्या भूकंपानंतर बंबवाले दारोदार फिरून बंद केलेल्या इमारतींच्या चाव्या गोळा करत होते. मी एक दिली. दुसरी माझ्याकडे ठेवली, कॉफीच्या डब्यात. आजीकडून आईकडे, आईकडून माझ्याकडे आलेली चावी, ती कुण्या शहरातल्या पोराने सुतळीत ओवून न्यावी? मला ते झेपलं नाही. पोलिसांनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, "डब्यात होती. त्याने केव्हा काढली मला माहीत नाही." तेच तुलाही म्हटलं.

आता दमले. बाहेर चौकात दगडी कट्ट्यावर म्हातारे ओळीने ऊन खात बसलेत. मी पण त्या ओळीत जाऊन बसते. इथे मला कुणी ओळखत नाही.

एर्सीलिया

पोज्जोलेरा, १६ सप्टेंबर

नीव्हेस,

हे गाव नकाशात शोधू नकोस, आपल्यासारखंच आहे. बसवाल्याने सांगितलं म्हणून उतरले. चर्च बंद. दारावर चिठ्ठी: "चावी समोर, सात नंबरला, इजोलिनाकडे. जेवणाच्या वेळी ठोठावू नये." मी नेमकं जेवणाच्या वेळी ठोठावलं. आयुष्यभर याच गोष्टीवरून लोकांना शिव्या दिल्या, आणि आता मीच.

इजोलिना ऐंशीच्या पुढची, कोपरापर्यंत पीठ. मागे टेबलावर पास्त्याची पोळी लाटून पसरलेली.

"वाचता येतं ना?" ती म्हणाली. "काय लिहिलंय चिठ्ठीवर?"

"डोळे अधू आहेत, ताई."

"अधू डोळ्यांनी चित्रं बघायला आलीस? बहिऱ्याने गाण्याला जावं तसं." तरी हात धुवायला लागली. मला तिची कीव आली. म्हटलं, "पोळी वाळेल तुमची. चावी माझ्याकडे द्या, मी पटकन बघून आणून देते. मीही चावीवालीच आहे, चाळीस वर्षं."

ती तिथेच थांबली. ओले हात तसेच धरून माझ्याकडे बघायला लागली.

"चावीवाली आहेस आणि चावी मागतेस? चावी हातात द्यायची नसते. चावीवालीने सोबत जायचं असतं. आत जाईल त्याच्या मागे उभं राहायचं, तो बाहेर पडला की मग आपण. पोपसाहेब आले तरी. तुझ्या आईने शिकवलं नाही तुला?"

"शिकवलं होतं," मी म्हटलं.

पोळी वाळू दिली तिने, पण आली. आत थंड, ओल्या चुन्याचा वास. भिंतीवर संत अंतोनिओ आणि त्याच्या पायाशी त्याचं डुक्कर. पण चित्रकाराने बहुतेक कधी डुक्कर पाहिलंच नव्हतं. "कुत्रा आहे," मी म्हटलं. "डुक्कर आहे," ती म्हणाली, "सातशे वर्षं डुक्कर आहे, तू काल आलीस." मग आम्ही बाकावर बसलो. ती जपमाळ ओढत होती, दाराच्या फटीतून ऊन डुकराच्या पाठीवर सरकत होतं. मी उठेपर्यंत ती उठली नाही. एकदाही घाई केली नाही.

नीव्हेस, चावी मी दिली.

डब्यातून काढून मी त्याच्या हातावर ठेवली. आई आठवडाभर तंबूत एकच धोशा लावून बसली होती: माझं हृदय आणा. मी सहा वर्षांची असताना मला विषमज्वर झाला होता, तेव्हा लग्नातले चांदीचे चमचे वितळवून तिने केलेलं हृदय. ती जेवेना, झोपेना. मी लोरिसला म्हटलं, "जा रे, तेवढं घेऊन ये, पाच मिनिटांचं काम." तो चावी हातात घेऊन हसला. म्हणाला, "चावीवालीने सोबत जायचं असतं ना, मावशी? लहानपणापासून तूच तर सांगतेस."

मी म्हटलं, "माझे गुडघे दुखतायत."

गुडघे दुखत नव्हते. मला छपराची भीती वाटत होती. मी धोक्याच्या लाल-पांढऱ्या फितीच्या बाहेर उभी राहिले, ढगाखाली, हात खिशात घालून. एकच हृदय सांगितलं होतं. सगळी त्याने का घेतली ते मी आठ वर्षं विचार करून शोधलंय. तंबूत आणखी म्हाताऱ्या होत्या. एकीचं आणायचं आणि बाकीच्यांचं मागे ठेवायचं, हे त्याला बरं वाटलं नसणार. बाकी काही नाही. तुझा मुलगा तसा होता.

मग पोलिसाने विचारलं, आणि माझं तोंड माझ्याआधी बोललं. नंतर मनाला समजावत राहिले की मी तुरुंगात गेले तर आईला कोण बघेल. तेही खरं. पण त्याहून खरं हे, की चावी आपल्या घराण्यातून गेली असती, आणि लोक म्हणाले असते, एर्सीलियाने पोराला आत ढकललं आणि आपण बाहेर उभी राहिली. म्हणून मी लोकांना म्हणू दिलं की पोरगा चोर होता. मी तो शब्द वापरला नाही म्हणून फुशारकी मारली ना पहिल्या पत्रात? मला वापरायची गरजच पडली नाही. बाकीचे माझ्यासाठी वापरत होते.

हे पत्र उद्या इथूनच टाकते, सोबत नेलं तर फाडेन. बोलोन्यात ननांच्या पाहुणेघरात पंचवीसपर्यंत आहे, पत्ता मागे लिहिलाय. सव्वीसची जेनोव्हाची गाडी धरेन. दारात उभी राहून हेच तोंडाने सांगेन. तुला काय करायचं ते कर.

एर्सीलिया

बोलोन्या, २५ सप्टेंबर

नीव्हेस,

रोज सकाळी मी बाजाराशेजारच्या त्या चर्चमध्ये जाते. आतल्या कोपऱ्यात मातीची माणसं आहेत, खऱ्याएवढी. मधे मेलेला येशू, आणि भोवती बायका. त्यांतल्या दोघी किंचाळतायत. तोंडं वासलेली, अंगावरचे कपडे वाऱ्यात मागे उडालेले, जणू धावत येऊन आत्ताच पाहिलं. मला त्यांची तोंडं दिसत नाहीत, कपडे दिसतात. पण नुसत्या कपड्यांवरूनही कळतं की बाई किंचाळतेय.

तू किंचाळली नव्हतीस. तंबूत आलीस, त्याच्या कपाळाला हात लावलास आणि माझ्याकडे वळलीस. एकच प्रश्न विचारलास: "चावी कुठून आली?" मी म्हटलं, "डब्यातून." तू बराच वेळ माझ्याकडे बघत राहिलीस. मला वाटलं, दुःखाने बधिर झालीय. दुसऱ्या दिवशी त्याला घेऊन जेनोव्हाला गेलीस. मार्चमध्ये आईच्या मातीला आलीस तेव्हाही शेवटच्या बाकावर बसलीस आणि मी पोचायच्या आत निघून गेलीस.

तुझं कार्ड आज दुपारी आलं. एवढं बारीक अक्षर तू मुद्दाम काढलंस का? मला एक ओळ लागेना. सिस्टर व्हेरेनाकडे नेलं. ती भाजी निवडत होती. चष्मा लावून मोठ्याने वाचायला लागली, बायका हॉटेलचं बिल वाचतात तशी, आणि दुसऱ्या ओळीला थांबली.

"हे मी वाचावं का?"

"वाचा, सिस्टर. कार्ड आहे, पोस्टमननेही वाचलं असेल."

"'लोरिसने आत जायच्या आधी मला फोन केला होता. म्हणाला, मावशीने चावी दिलीय, पाच मिनिटांचं काम आहे, आई. मी आठ वर्षं गप्प राहिले ती आईसाठी. तिला तुझ्या हातचंच लागायचं. आई मार्चमध्ये गेली. तेव्हापासून मी सहा महिने वाट बघतेय. माझ्याकडे येऊ नकोस, मला ठाऊक आहे. गावाला सांग.' खाली नुसतं 'नी' लिहिलंय."

सिस्टरने चष्मा काढला. शेंगांचं भांडं मांडीवर तसंच. मला वाटलं, आता उपदेश करेल. तिने विचारलं, "जेनोव्हाचं तिकीट बदलायचं का?"

"हो," मी म्हटलं.

आठ वर्षं, नीव्हेस. मी आईला सूप भरवत होते आणि मनात म्हणत होते, बघा, मी सगळं एकटी करतेय, बहीण फिरकत नाही. आणि त्या सुपाची किंमत तू तिथे बसून भरत होतीस, पोराच्या नावाने. मला तुझी लाज वाटायची, रागीट म्हणून. आता मला माझ्या हातांची लाज वाटते.

तीन ऑक्टोबरला, चौकात नावं वाचतात त्या दिवशी, गावात जाते.

एर्सीलिया

मोंतेव्हारा, ४ ऑक्टोबर

नीव्हेस,

काल झालं. जसं झालं तसं लिहिते, सावरून लिहीत नाही.

मनोरा पडल्यापासून घंटा चौकात लाकडी चौकटीला टांगलेली आहे. अकरा वाजता नगराध्यक्ष एकेक नाव वाचतो आणि ग्वाल्तिएरो एकेक टोला देतो. गेली सात वर्षं मी पहिल्या रांगेत, आईच्या चाकाच्या खुर्चीमागे उभी असायचे. काल नुसतीच उभी होते, चौकशीनंतर पोलिसांनी परत दिलेली चावी मुठीत धरून. अकरावा टोला विरला. लोक टोप्या घालायला लागले.

मी म्हटलं, "एक राहिलं."

"एर्सीलिया, बस कर," कुणीतरी म्हणालं. मला चेहरा दिसला नाही, आवाज बेकरीवाल्याचा.

"लोरिसचं राहिलं."

"चोराचं?"

"तो चोर नव्हता. चावी मी दिली." मी मूठ उघडून हात वर धरला. "मी सोबत गेले नाही. फितीबाहेर उभी राहिले. हृदय मी मागितलं, आईचं. तुमची त्याने आपणहून आणली, तुमच्यासाठी. मी आठ वर्षं खोटं बोलले."

एवढंच बोलले. गाडीत बसून बरंच काही पाठ केलं होतं, ते सगळं विसरले.

पिएरीना पुढे आली. तिच्या नवऱ्यासाठी वाहिलेलं हृदयही त्या चौदांत होतं. ती माझ्या अगदी जवळ आली, त्यामुळे ती मला दिसेनाशी झाली.

"त्याची शवपेटी इथून गेली तेव्हा मी पाठ फिरवली होती," ती म्हणाली. "सगळ्यांसमोर. माझ्या हृदयासाठी तो मेला, आणि मी पाठ फिरवली. ते तू मला करायला लावलंस." मग ती माझ्या पायाशी थुंकली. मी हलले नाही. तिचं बरोबर होतं.

मी ग्वाल्तिएरोला म्हटलं, "टोला दे."

त्याने नगराध्यक्षाकडे बघितलं असावं, कारण नगराध्यक्ष म्हणाला, "बैठकीत ठरवावं लागेल. दगडाचंही." ग्वाल्तिएरोने दोरी सोडली आणि माझ्यापुढे धरली.

"चावी तुझी होती," तो म्हणाला. "ओढ तूच."

घंटा एवढी जड असेल असं वाटलं नव्हतं. पहिल्या ओढीला नुसती कुरकुरली. दुसऱ्यांदा मी दोरीला लोंबकळलेच, बहात्तरीची बाई, मोजे खाली आले, आणि मग तो टोला पडला. बारावा. मी त्याचं पूर्ण नाव घेतलं. कुणी टोपी काढली की नाही ते मला दिसलं नाही, आणि मी कुणाला विचारलंही नाही.

चावी दुपारी पोलिसांना दिली. जबाब लिहून घेतला, पुढे बोलावतील. आज सकाळी बेकरीवाल्याने मला पाव दिला नाही. संपला म्हणाला. मागे फळीवर पाव होते, फळी कडेला आहे, कडेचं मला दिसतं.

एक राहिलं. टोल्यानंतर लोक पांगत होते तेव्हा चौकाच्या टोकाला, बस थांबते तिथे, राखाडी कोटातली एक बाई उभी होती. एकटी. हात खिशात नव्हते, समोर एकमेकांत धरलेले होते, तू लहानपणी धरायचीस तसे. जेनोव्हाच्या रात्रीच्या गाडीला जोडून येणारी बस साडेदहाला पोचते, हे मी घरी येऊन वेळापत्रकात बघून घेतलं. तू होतीस असं मी कुणाला सांगणार नाही. जे नक्की ठाऊक नाही ते यापुढे बोलायचं नाही, असं ठरवलंय.

पण ती बाई परतीची बस सुटेपर्यंत तिथे होती, आणि तोवर मी मान वळवून त्या घंटेकडेच बघत राहिले. सरळ तुझ्याकडे बघितलं असतं तर तू दिसेनाशी झाली असतीस.

एर्सीलिया